स्वतः गाडी चालवत क्रूगर: मार्च-एप्रिलच्या शरदात जाणाऱ्यांसाठी टप्प्याटप्प्याने

दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानात जाणाऱ्या मराठी कुटुंबांचे बेत पाहिले की त्याच चुका पुन्हा पुन्हा दिसतात. जोहान्सबर्गला उतरल्या दिवशीच उद्यान गाठायचे, सहा रात्रींत पाच मुक्काम करायचे आणि मोबाईलने दाखवलेल्या वेळेवर विसंबून निघायचे. मग संध्याकाळी दार बंद व्हायच्या धास्तीने गाडी पळवली जाते, आणि ज्यासाठी एवढा खर्च केला ते झुडपाआड राहून जाते.

ताडोबा-पेंचमध्ये फेरीची वेळ, जिप्सी, चालक आणि गाइड ठरलेले असतात. आपण फक्त बसायचे. क्रूगरमध्ये गाडी तुमची, रस्ता तुम्ही निवडायचा आणि दिवसाचे बारा तास तुमच्या हातात. म्हणून इथे तयारी चुकली तर सावरून घ्यायला कोणी नसते. दोन गोष्टी पक्क्या धरून आखणी केली तर बाकी सगळे जमते: दार बंद होण्याची वेळ, आणि ताशी पंचवीस किलोमीटरचा खरा वेग.

## १. आधी तारखा, मग विमान

तिथला शरद मार्च ते मे. हा लेख मार्चच्या सुरुवातीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंतच्या दिवसांसाठी आहे. पावसाळा सरत आलेला असतो, गवत कमरेपर्यंत वाढलेले, झाडे पानांनी गच्च आणि जागोजागी पाणी साचलेले. जून ते ऑक्टोबरच्या कोरड्या दिवसांत जनावरे पाणवठ्यावर गोळा होतात. शरदाच्या तोंडावर ती सगळीकडे पांगलेली असतात. छायाचित्रांत पाहिलेले पाणवठ्यावरचे कळप डोळ्यांसमोर ठेवून मार्चमध्ये गेलात तर हिरमोड होईल. त्या बदल्यात हिरवे रान, धुतलेली हवा, इम्पाला या हरणांची चार महिन्यांची पिल्ले आणि परतीच्या वाटेवर निघण्याआधीचे स्थलांतरित पक्षी मिळतात. पक्षी पाहणाऱ्यांनी मार्च निवडावा, पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी एप्रिलचा दुसरा आठवडा. तोवर गवत थोडे वाळून आडवे व्हायला लागते आणि उकाडाही उतरतो.

तारीख ठरवताना स्थानिक सुट्ट्या पाहा. ईस्टरचा जोडून येणारा चार दिवसांचा शनिवार-रविवार कधी मार्चअखेर, कधी एप्रिलमध्ये पडतो. शाळांची सुट्टी बहुधा त्याच सुमाराला असते. २१ मार्च आणि २७ एप्रिल हेही राष्ट्रीय सुट्टीचे दिवस. या दिवसांत कॅम्प, म्हणजे उद्यानातली मुक्कामाची ठिकाणे, भरलेले असतात आणि दिवसापुरते येणाऱ्यांसाठी प्रत्येक दारावर संख्येची मर्यादा असते.

तपासा: निवडलेल्या आठवड्यात ईस्टर येतो का? येत असेल तर आठवडा पुढे-मागे करा. एवढ्या एका बदलाने रस्त्यावरची अर्धी गर्दी टळते.

## २. मुक्काम: सहा रात्रींना दोन किंवा तीन कॅम्प, जास्त नकोत

उद्यान सुमारे १९,५०० चौरस किलोमीटरचे आणि दक्षिणोत्तर जवळपास ३५० किलोमीटर लांब आहे. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प बफर धरून १,७२७ चौरस किलोमीटरचा. तेव्हा "सगळे क्रूगर पाहून येऊ" हा विचार पहिल्या सहलीत मनातून काढून टाका.

सरकारी कॅम्पचे आरक्षण दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्रीय उद्यान संस्थेच्या, म्हणजे सॅनपार्क्सच्या, संकेतस्थळावर होते आणि ते सुमारे अकरा महिने आधी खुले होते. नदीकाठचे बंगले सर्वांत आधी जातात. विमानाची तिकिटे स्वस्त मिळाली म्हणून ती आधी काढणारे नंतर उरलेल्या कॅम्पांभोवती सहल गुंडाळतात. क्रम उलटा ठेवा: आधी कॅम्पची उपलब्धता पाहा, मग विमान.

पहिल्या सहलीसाठी मी ही विभागणी सुचवेन:

- दोन रात्री लोअर साबी. साबी नदीचा काठ, जवळच सनसेट डॅम. तिथे पाणी कायम असल्याने पाणघोडे आणि मगरी या ऋतूतही दिसतात.
- एक रात्र स्कुकुझा. सर्वांत मोठा कॅम्प. इंधन, दुकान आणि डॉक्टर हाताशी.
- तीन रात्री सटारा. भोवती मोकळी गवताळ मैदाने. सिंहांसाठी हा भाग प्रसिद्ध आहे.

ओलिफंट्स नदीच्या उत्तरेला मोपानीची झाडी सुरू होते. पाने दाट असताना तिथे जनावर शोधणे नवख्याला अवघड जाते. उत्तर टोकाचा पाफुरीचा भाग पक्ष्यांसाठी अप्रतिम आहे, पण तो दुसऱ्या सहलीसाठी ठेवा.

कॅम्पच्या भाड्यात उद्यानाचे प्रवेशशुल्क धरलेले नसते, हे अनेकांना दारात पोहोचल्यावर कळते. माणशी, दर दिवसाचे ते वेगळे शुल्क आहे, परदेशी पाहुण्यांना स्थानिकांपेक्षा कितीतरी जास्त आहे आणि त्याचे दर दरवर्षी नोव्हेंबरमध्ये बदलतात. चार जणांच्या कुटुंबाला सहा दिवसांचे हे शुल्क जबर पडते. एकाहून अधिक राष्ट्रीय उद्याने पाहणार असाल तर वाइल्ड कार्ड नावाचा वार्षिक पास स्वस्त पडतो का, याचा हिशेब बसल्या जागी करून ठेवा.

## ३. कागदपत्रे

भारतीय पारपत्रावर दक्षिण आफ्रिकेत जायला आधी परवानगी लागते. अर्जाची पद्धत बदलत असते, म्हणून मित्राने दोन वर्षांपूर्वी काय केले यावर न जाता दूतावासाने सध्या सांगितलेला मार्ग वाचा. पारपत्रात किमान दोन कोरी पाने हवीत.

मुले सोबत असतील तर आई-वडील दोघांची नावे असलेला इंग्रजीतला जन्मदाखला लागतो. आई किंवा वडील एकटेच मुलांना घेऊन जात असतील तर दुसऱ्याचे संमतीचे प्रतिज्ञापत्रही. महापालिका किंवा ग्रामपंचायतीकडून मिळालेला जुना दाखला फक्त मराठीत असेल, किंवा त्यात मुलाचे नावच नसेल, तर दुरुस्तीला आठवडे जातात. हे काम सर्वांत आधी हातात घ्या.

वाहन परवान्यावर छायाचित्र आणि सही असून तो इंग्रजीत असेल तर दक्षिण आफ्रिकेत चालतो. तरीही गाडी भाड्याने देणारे काउंटरवर आंतरराष्ट्रीय परवाना मागू शकतात. तो आरटीओमध्ये मिळतो आणि वर्षभर चालतो. काढूनच जा, रात्रभराच्या प्रवासानंतर काउंटरवर वाद घालण्याची ती जागा नव्हे.

तपासा: गाडी ज्याच्या नावावर, परवाना त्याचा आणि क्रेडिट कार्डही त्याचेच. अनामत रक्कम क्रेडिट कार्डावरच अडकवून ठेवतात. नवऱ्याचा परवाना आणि बायकोचे कार्ड अशी जोडी चालेल, असे धरून जाऊ नका.

## ४. हिवताप आणि पीतज्वर

या टप्प्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते, आणि मार्च-एप्रिलमध्ये तेच सर्वाधिक महागात पडू शकते.

क्रूगर हिवतापाच्या पट्ट्यात आहे. सप्टेंबर ते मे हा तिथला जोखमीचा काळ, आणि पावसानंतरचे हे महिने त्यातले जास्त जोखमीचे. "आपल्याला डासांची सवय आहे" हे कारण इथे लागू नाही. तिथला मुख्य परजीवी फाल्सिपेरम जातीचा, म्हणजे मेंदूपर्यंत पोहोचू शकणारा. जुन्या क्लोरोक्विनच्या गोळ्या त्यावर चालत नाहीत. डॉक्टर साधारणपणे अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल किंवा डॉक्सिसायक्लिन देतात. दोन्ही जाण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरू होतात. पहिले परतल्यावर सात दिवस चालू ठेवायचे, दुसरे चार आठवडे. आठ वर्षांखालच्या मुलांना आणि गरोदर स्त्रियांना डॉक्सिसायक्लिन देत नाहीत. कोणते घ्यायचे हे तुमच्या डॉक्टरांशी निघण्याच्या महिनाभर आधी बोलून ठरवा. गरोदर असाल किंवा बाळ अगदी लहान असेल तर हे महिने टाळा. दक्षिण आफ्रिकेत हिवतापमुक्त उद्यानेही आहेत.

हिवतापाचा डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो. सहा वाजता कॅम्पमध्ये परतल्याबरोबर लांब बाह्या, मोजे आणि डीट (डासांना दूर ठेवणारे रसायन) असलेले मलम. व्हरांड्यात गप्पा मारत बसण्याआधी, नंतर नव्हे.

पीतज्वराची (यलो फीव्हरची) गोष्ट वेगळी आहे. दक्षिण आफ्रिकेत पीतज्वर नाही, पण तुमचे विमान नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे असेल तर केनिया आणि इथिओपिया हे जोखमीचे देश मानले जातात. तिथल्या विमानतळावर बारा तासांहून अधिक थांबा असेल तर दक्षिण आफ्रिका लसीचे प्रमाणपत्र मागते. परतताना भारतातही आरोग्य अधिकारी ते विचारू शकतात, आणि नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवण्याची तरतूद आहे. लस फक्त सरकारमान्य केंद्रांत मिळते, प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि प्रमाणपत्र आयुष्यभर चालते. दुबई किंवा दोहामार्गे जाणाऱ्यांना हा प्रश्न येत नाही.

सावधान: तिकीट स्वस्त म्हणून थांबा बदलताना हा मुद्दा विसरू नका. नैरोबीतला रात्रभराचा थांबा फुकटचे शहरदर्शन वाटतो, पण त्याने लागणारी कागदपत्रे बदलतात.

## ५. गाडी: उंच घ्या

तिथेही आपल्यासारखेच डाव्या बाजूने वाहन चालवतात, त्यामुळे महाराष्ट्रातल्या चालकाला जुळवून घ्यायला वेळ लागत नाही. उद्यानातले मुख्य रस्ते डांबरी आणि बहुतेक कच्चे रस्तेही बरे असतात. चारही चाकांना ताकद देणारी गाडी गरजेची नाही. पण या ऋतूत बैठक उंच असलेली गाडी नक्की घ्या. साध्या सेडानमधून गवताच्या पात्यांची टोकेच दिसतात. एसयूव्हीतून त्याच गवतात बसलेल्या सिंहिणीचे कान दिसतात. पैसे वाचवायचे असतील तर कॅम्पमध्ये साधी खोली घ्या, गाडीत काटकसर नको.

विम्यात टायर, काच आणि कच्च्या रस्त्यावरचे नुकसान धरले आहे का ते वाचा. ताबा घेताना स्टेपनी आणि जॅक डोळ्यांनी पाहा. आतल्या मोठ्या कॅम्पांत पेट्रोल मिळते, तरीही टाकी अर्ध्यावर आली की भरा.

## ६. सामान: थोडेच, पण नेमके

एका गाडीत दुर्बीण एकच असली की भांडणे होतात; दोन तरी न्या. ८×४२ ची दुर्बीण पुरते. कॅमेऱ्याची लेन्स ३०० ते ४०० मिलिमीटरची हवी, आणि खिडकीवर टेकवायला कापडाची रिकामी पिशवी. तिथे पोहोचल्यावर तीत तांदूळ भरा. एप्रिलमध्ये पहाटेच्या उघड्या गाडीतल्या फेरीला वारा बोचतो, म्हणून एक जाड स्वेटर आणि कानटोपी.

प्लगची गंमत लक्षात ठेवा. दक्षिण आफ्रिकेतला जुना, जाड तीन पिनांचा सॉकेट म्हणजे आपल्याकडच्या गीझर-एसीच्या १६ अँपियरच्या सॉकेटचाच प्रकार. विमानतळावरचा महागडा जागतिक अडॅप्टर अनेकदा त्यात बसत नाही. घराजवळच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात छोटा प्लग मोठ्या सॉकेटला लावायचा कन्व्हर्टर मिळतो. तसे दोन घ्या.

खाण्यात भाजके पोहे, मेतकूट, थेपले, कोरड्या चटण्या असे शिजवलेले-भाजलेले न्या. ताजी फळे, बिया, मध, दुधाचे पदार्थ विमानतळावर काढून घेतले जाऊ शकतात. तांदूळ, डाळी, मसाले तिथल्या सुपरमार्केटात सहज मिळतात. दक्षिण आफ्रिकेत भारतीय वंशाची वस्ती मोठी आहे. कॅम्पच्या बहुतेक बंगल्यांत फ्रीज आणि स्वयंपाकाची सोय असते, पण आरक्षण करताना त्या ठरावीक खोलीत गॅस आणि भांडी आहेत का ते वाचा. काही स्वस्त झोपड्यांना सामाईक स्वयंपाकघर असते. उपाहारगृहांत शाकाहारी पर्याय मोजकेच, म्हणून दोन्ही वेळा बाहेर खाण्याच्या भरवशावर राहू नका.

## ७. पोहोचण्याचा दिवस

जोहान्सबर्गच्या ओ. आर. टॅम्बो विमानतळापासून एन-४ महामार्गाने उद्यानाच्या दक्षिणेकडच्या मालेलेन आणि क्रोकोडाइल ब्रिज या दारांपर्यंत चारशे किलोमीटरच्या आसपास अंतर आहे. थांबे धरून पाच-साडेपाच तास. रस्ता टोलचा आणि चांगला आहे. पण तुमचे विमान सकाळी नऊला उतरले, पारपत्र तपासणी, सामान आणि गाडीचा ताबा यात साडेअकरा झाले, की दार गाठेपर्यंत पाच वाजतात. आणि दारापासून कॅम्पपर्यंतचे अंतर अजून बाकी असते.

मार्चमध्ये उद्यानाची आणि कॅम्पची दारे पहाटे ५.३० ला उघडतात आणि संध्याकाळी ६ ला बंद होतात; एप्रिलमध्ये ६ ते ६. तुमचा कॅम्प बंद होण्याआधी गाठता येणार नाही असे दिसले तर दारावरून आत सोडत नाहीत. आत असताना उशीर झाला तर दंड.

म्हणून पहिली रात्र बाहेर काढा: मालेलेन, कोमाटीपूर्ट किंवा हेझीव्ह्यू या गावांत. तिथेच वाणसामान भरा, पाण्याचे पाच लिटरचे कॅन घ्या, झोपा आणि दुसऱ्या दिवशी पहाटे दारात उभे राहा. एक रात्र "वाया" जात नाही. उलट पहाटेचे ते चार तास मिळतात. पैसे असतील तर जोहान्सबर्गहून थेट स्कुकुझाच्या विमानतळावर उतरता येते आणि गाडी तिथे मिळते.

सावधान: अंधार पडल्यावर महामार्ग सोडून गावांतल्या रस्त्यांवर गाडी चालवू नका. रस्त्यात गुरे असतात, खड्डे दिसत नाहीत.

दारात आरक्षणाचा कागद, पारपत्रे आणि वाहनाची माहिती द्यायची. मिळालेला परवाना नीट ठेवा. बाहेर पडताना तपासतात.

## ८. उद्यानातला दिवस कसा आखावा

डांबरी रस्त्यावर वेगमर्यादा ताशी ५० किलोमीटर, कच्च्यावर ४०. वेग मोजणारी यंत्रे असतात आणि दंड होतो. पण मर्यादा म्हणजे तुमचा वेग नव्हे. थांबत-पाहत जाताना ताशी २५ पडतात, आणि जनावर शोधायचे तर तेवढाच वेग योग्य आहे. स्कुकुझा ते सटारा ९० किलोमीटरहून थोडे अधिक आहे. मोबाईल त्याला दोन तास म्हणेल, तुम्ही चार तरी धरा.

आदल्या रात्री पुढचा दिवस कागदावर लिहा. उलटीकडून: सहाला दार बंद, म्हणजे साडेपाचला कॅम्पच्या जवळच्या दहा किलोमीटरच्या आत. मग त्याआधीचे सगळे.

पहाटे, दार उघडताच बाहेर. चहा थर्मासमध्ये, नाश्ता नंतर. गवत दवाने ओले असते तेव्हा सिंह, तरस आणि रानकुत्रे रस्त्यावरूनच चालतात. डांबर कोरडे आणि रात्रीचे ऊबदार असते. दाट गवताच्या दिवसांत शिकारी प्राणी दिसण्याची सर्वांत मोठी संधी याच दीड-दोन तासांत आहे. सात वाजता आरामात निघणारे हीच वेळ घालवतात आणि मग "मार्चमध्ये काही दिसत नाही" म्हणतात.

सकाळ, पाण्याच्या कडेने. लोअर साबी आणि स्कुकुझा यांना जोडणारा एच ४-१ हा रस्ता साबी नदीला धरून जातो. बिबट्यासाठी तो नावाजलेला आहे, त्यामुळे गर्दीही असते. नदीकडच्या मोठ्या झाडांच्या आडव्या फांद्या एकेक करून पाहा. सटाऱ्याहून निघणारा एस १०० हा कच्चा रस्ता मी दुपारीपेक्षा पहाटे करावा असे म्हणेन. एकेकट्या छोट्या पाणवठ्यावर तासभर थांबण्याचा हिवाळी सल्ला इथे सोडून द्या. जागोजागी डबकी असताना तिथे कोणाला यायची गरज नसते.

नजर कुठे ठेवायची. ताडोब्यात चितळाचा किंवा वानराचा इशारा ऐकायला शिकलेल्यांना इथे अर्धे काम येतेच. इम्पाला फुरफुरून एका दिशेला ताठ उभे राहिले, जिराफ सगळे एकाच बाजूला पाहत राहिले, बबून भुंकले किंवा गिधाडे एकामागून एक उतरू लागली की इंजिन बंद करा आणि थांबा. पंधरा मिनिटे. एप्रिलमध्ये मात्र इम्पालाचे नर माजावर येऊ लागतात आणि घशातून असे काही गुरगुरतात की नवख्याला श्वापद वाटते. तो आवाज ओळखून ठेवा.

दुपारी ११ ते ३ विश्रांती. या वेळेत गाडी फिरवत राहणे ही सर्रास होणारी चूक आहे. चालक थकतो आणि चारनंतरची चांगली वेळ पेंगत जाते. कॅम्पमध्ये झोप काढा, नाहीतर स्कुकुझाजवळच्या लेक पॅनिकच्या पक्षीनिरीक्षण कुटीत बसा. तारांवरचे आणि शेंड्यांवरचे पक्षी पाहा: कारमाइन वेडा राघू, युरोपातून आलेला नीलपंख, आणि अमूर ससाणा. हा ससाणा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भारतावरून जाताना लोणावळ्याच्या आसपासही नोंदला गेला आहे. इथे तो परतीच्या प्रवासाची तयारी करत असतो.

प्रसाधनगृहांचा हिशेब. गाडीतून फक्त कॅम्प, सहलस्थळे आणि फलक लावलेल्या जागीच उतरता येते. लघवीला रस्त्याकडेला उतरणे हा गुन्हा आहे आणि जिवाशी खेळही. म्हणून मार्गावर थांबे आधीच खुणावून ठेवा: स्कुकुझा-लोअर साबी मार्गावर मधोमध न्कुहलू, स्कुकुझा-सटारा मार्गावर त्शोक्वाने. मुले किंवा आजी-आजोबा सोबत असतील तर दिवसाचा मार्ग या थांब्यांवरूनच ठरतो.

तपासा: रोज सकाळी निघण्याआधी स्वागतकक्षात कोणते रस्ते बंद आहेत ते विचारा. पावसानंतर कच्चे रस्ते आणि सखल पूल बंद असतात. पाण्याखाली गेलेल्या पुलावर, पाणी घोट्याएवढे दिसले तरी, गाडी घालू नका. तिथेच आदल्या दिवशी काय कुठे दिसले याचा रंगीत खुणांचा फलक बऱ्याच कॅम्पांत असतो. समोरून येणाऱ्या गाडीला हात करून विचारणे हीही तिथली रीतच आहे.

किमान एक फेरी उद्यानाच्या उघड्या गाडीतून, त्यांच्या मार्गदर्शकासोबत करा. या गाड्या दार उघडण्याआधी निघतात किंवा बंद झाल्यावर परततात. ती वेळ तुम्हाला स्वतः मिळूच शकत नाही. सहा वर्षांखालच्या मुलांना या फेरीत घेत नाहीत आणि पायी फेरीला किमान वय बारा आहे. आरक्षणाआधी मुलांची वये पाहा.

## ९. जनावर समोर असताना

खिडकी उघडी चालते, पण हात, डोके, धड बाहेर नाही. छतातून उभे राहणे नाही. सिंह गाडीला सरावलेले असतात. गाडीपासून वेगळा दिसणारा माणूस त्यांना सरावाचा नाही.

खरी काळजी हत्तीची घ्यायची. सिंहाच्या छायाचित्रासाठी जवळ जाणाऱ्यांपेक्षा हत्तीचा अंदाज चुकलेल्यांच्या गाड्या जास्त चेपतात, असे मला वाटते, आणि नियमही तेवढेच साधे आहेत:

- किमान पन्नास मीटर राखा. दाट झाडीच्या वळणावर वेग आणखी कमी करा. पाने गच्च असताना हत्ती रस्त्याला लागून उभा असला तरी दिसत नाही.
- आई आणि पिल्लू यांच्यामध्ये गाडी येता कामा नये. एक हत्ती रस्ता ओलांडून गेला की लगेच पुढे जाऊ नका. मागे कळप असतो.
- इंजिन चालू, मागे जायला जागा मोकळी. मागच्या गाडीला तुमच्या बुडाशी चिकटू देऊ नका.
- डोळा आणि कान यांच्यामध्ये ओघळ, मागच्या पायांवर ओल, मान वर: हा मदावर आलेला नर. दिसताक्षणी मागे फिरा, छायाचित्र सोडा.
- कान फडफडवून पुढे आला तर हॉर्न नाही, दिवे नाहीत, आरडाओरडा नाही. हळू, सरळ मागे. रिव्हर्स घेण्याचा सराव घरीच करून जा. भाड्याच्या गाडीत आयुष्यात पहिल्यांदा स्वयंचलित गिअर वापरणाऱ्याने तर नक्कीच.

गर्दीच्या जागी डावीकडे थांबा, दुसऱ्याची वाट अडवू नका, मन भरले की पुढे सरका. गेंडा दिसला तर आनंदाने पाहा, पण जागा आणि वेळेसह समाजमाध्यमांवर टाकू नका आणि मोबाईलमधली स्थाननोंद बंद ठेवा. चोरटी शिकार हे क्रूगरचे सर्वांत खोल दुखणे आहे आणि अशा नोंदींचा उपयोग शिकाऱ्यांना होऊ शकतो. ड्रोन नेऊच नका, बंदी आहे.

## १०. कॅम्पमधली संध्याकाळ

खोली दुपारी २ पासून मिळते आणि सकाळी १० ला सोडायची असते. कॅम्प बदलायच्या दिवशी सामान पहाटेच गाडीत भरून निघा, म्हणजे साफसफाईच्या घाईत परत यावे लागत नाही.

व्हरांड्यातल्या फ्रीजला जाळी किंवा कडी असते, ती लावा. बबून आणि वेर्व्हेट माकडे उघडी खिडकी, उघडी डिकी आणि लहान मुलाच्या हातातले केळे यांवर नजर ठेवून असतात. त्यांना काही खायला घालू नका. माणसाला सरावलेले, अंगावर येणारे माकड शेवटी गोळी घालून मारावे लागते. कुंपणापाशी येणाऱ्या तरसालाही हाडे टाकू नका.

साप आणि विंचू या ऋतूत अजून हिंडत असतात. अंधारात दहा पावले जायचे असले तरी बॅटरी आणि बंद बूट. बाहेर ठेवलेले बूट सकाळी झटकून घाला.

## ११. परतल्यावर

हिवतापाच्या गोळ्या ठरलेल्या दिवसापर्यंत पूर्ण करा. घरी आलो, आता काय, म्हणून तिसऱ्या दिवशी सोडून देणारे बरेच असतात, आणि औषधाचा नेमका तोच भाग महत्त्वाचा असतो: परजीवी यकृतातून रक्तात उतरायला आठवडा किंवा अधिक लागतो.

परतल्यानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत ताप, थंडी, अंगदुखी किंवा उलट्या झाल्या तर, गोळ्या नीट घेतल्या असल्या तरी, त्याच दिवशी रक्ततपासणी करा. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की दक्षिण आफ्रिकेतल्या हिवतापाच्या भागात जाऊन आलो आहे, आणि कोणती गोळी कधीपर्यंत घेतली तेही. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात आपल्याकडे तापाचे निदान उष्माघात किंवा व्हायरल म्हणून पटकन होते. पहिली तपासणी निर्दोष आली आणि ताप टिकला, तर पुढच्या एक-दोन दिवसांत ती पुन्हा करून घ्या.